केटामाइन घरपोच, थेरपिस्ट चॅटवर: डिप्रेशनच्या या नव्या उपचाराचं नेमकं काय चाललंय?

गेल्या दिवाळीत एडिसनहून माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. फराळाचं पार्सल पोहोचलं का, हे विचारायला मी फोन करणारच होतो, तेवढ्यात तिनेच एक वेगळं पार्सल कॅमेऱ्यासमोर धरलं. पांढरं गुळगुळीत खोकं, महागड्या हेडफोनचं असावं तसं. आत डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, रक्तदाब मोजायचं यंत्र, एक कोरी वही आणि एका पाकिटात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या.

"ओळख बघू काय आहे," ताई म्हणाली.

मला वाटलं झोपेचं काहीतरी असेल.

"केटामाइन. डिप्रेशनसाठी. ॲपवरून मागवलंय."

मी फोन, ॲप्स आणि इंटरनेटवर लिहितो, औषधांवर नाही. माझ्या डोक्यात केटामाइन म्हणजे दोनच गोष्टी होत्या: भुलीचं इंजेक्शन आणि पेपरात येणाऱ्या ड्रग्ज जप्तीच्या बातम्या. पण सबस्क्रिप्शन, कुरिअर, चॅटवरचा 'गाइड' हे सगळं मात्र माझ्याच विषयातलं निघालं. त्यामुळे पुढचे काही आठवडे मी हेच वाचत बसलो. ताईची परवानगी घेऊन तिची गोष्ट इथे सांगतोय. ॲपचं नाव देत नाही, कारण मुद्दा एका ॲपचा नाहीये.

तुमच्याही फीडमध्ये हा शब्द येऊन गेला असेलच. 'फ्रेंड्स'मधल्या मॅथ्यू पेरीच्या मृत्यूच्या वेळी आला, मार्च २०२४ मध्ये इलॉन मस्कने मुलाखतीत "डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतो" असं सांगितलं तेव्हा आला. त्यानंतर 'एका तासात डिप्रेशन गायब' टाइपच्या रील्स सुरू झाल्या. त्यातलं खरं किती, हे बघू.

भुलीचं औषध इथवर कसं आलं

केटामाइन पहिल्यांदा तयार झालं १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी. कॅल्विन स्टीव्हन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. १९७० मध्ये तिथल्या एफडीएने त्याला भुलीचं औषध म्हणून मान्यता दिली. (ही अमेरिकेची एफडीए. दिवाळीच्या तोंडावर खव्यावर धाडी घालणारी आपली एफडीए वेगळी.) व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते भरपूर वापरलं गेलं. इतर भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो, रक्तदाब पडतो. केटामाइनने तसं कमी होतं, म्हणून मोठी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी ते फार उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं आहे. म्हणजे हे काही कुठल्या पार्टीतून आलेलं 'ड्रग' नाही, ते हॉस्पिटलातून पार्टीत गेलं.

या औषधाची एक गंमत आहे. पेशंट पूर्ण झोपत नाही, पण स्वतःच्या शरीरापासून सुटल्यासारखा होतो. आपण वरून कुठूनतरी बघतोय, हात-पाय आपले नाहीत, असं वाटतं. भुलीच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा साइड इफेक्ट. पुढे याच अनुभवावर एक अख्खा धंदा उभा राहिला.

२००० मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी डिप्रेशनच्या अगदी मोजक्या पेशंटना भुलीपेक्षा बराच कमी डोस सलाइनमधून दिला आणि त्यांचं मन काही तासांत हलकं झालेलं दिसलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या टीमने १८ पेशंटवर तोच प्रयोग केला. हे असे पेशंट होते, ज्यांच्यावर आधीच्या गोळ्यांनी काम केलं नव्हतं. एका डोसनंतर दुसऱ्या दिवशी ७१ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा होती. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायला काही आठवडे लागतात, हे लक्षात घेतलं तर हा आकडा काय होता ते कळेल.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा रीलमध्ये कधी येत नाही. ही सुधारणा आठवडाभर टिकली फक्त ३५ टक्के लोकांमध्ये.

इथेच या सगळ्या विषयाची मेख आहे. केटामाइन झपाट्याने चढतं आणि झपाट्याने उतरतं. ताईचंही तसंच झालं. पहिल्या गोळीनंतर चार दिवस ती, तिच्याच शब्दांत, "जुन्या आवृत्तीत" होती. सकाळी उठून पोहे केले, मुलाच्या शाळेत गेली, मला फोन करून उगाच पंधरा मिनिटं बोलली. पाचव्या दिवशी पुन्हा पडदे ओढून घेतले.

खिडकी उघडते, मग?

औषध नेमकं काय करतं, याचं पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. मेंदूत ग्लुटामेट नावाच्या रसायनाची जी यंत्रणा आहे, तिच्यातल्या एका रिसेप्टरला केटामाइन अडवतं, एवढं पक्कं. २०१९ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की सततच्या ताणामुळे मेंदूतल्या पेशींची जी बारीक टोकं झडून गेली होती, त्यातली काही केटामाइननंतर परत उगवली. माणसाच्या बाबतीत थेट असंच होतं म्हणणं घाईचं होईल. पण यावरून एक कल्पना पुढे आली: डोसनंतरचे काही तास-दिवस मेंदू थोडा मऊ असतो, नवीन सवय, नवीन विचार पकडायला तयार असतो. संशोधक याला खिडकी म्हणतात.

मग साहजिक प्रश्न येतो की खिडकी उघडी असताना काय करायचं? नुसतं पडून राहायचं, की कुणाशी तरी बोलून कामाला लागायचं? यातूनच केटामाइन आणि सायकोथेरपी एकत्र द्यायची पद्धत आली. त्यात आधी थेरपिस्टबरोबर एक-दोन बैठका होतात, मग देखरेखीखाली डोस, आणि नंतर जे वर आलं त्यावर पुन्हा बैठका. या शेवटच्या भागाला तिकडे 'इंटिग्रेशन' म्हणतात. शब्द जड आहे. साध्या भाषेत: जे दिसलं, आठवलं, ते उद्याच्या आयुष्यात कुठे बसवायचं, हे कुणाच्या तरी मदतीने ठरवणं.

ही कल्पना सिलिकॉन व्हॅलीची अजिबात नाही. १९८५ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये येवगेनी क्रुपित्स्की नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने दारू सोडू पाहणाऱ्या लोकांवर ही पद्धत वापरायला सुरुवात केली. केटामाइन आणि थेरपी मिळालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक वर्षभर दारूपासून लांब राहिले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. आकडा भारी वाटतो, पण कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्याची इच्छा मुळात जास्त तो एका गटात गेला असेल तर निकाल आपोआप फुगतो.

चिठ्ठ्या टाकून केलेला नीट प्रयोग २०२२ मध्ये आला, इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या सेलिया मॉर्गन यांच्या टीमचा. दारूचं व्यसन असलेले ९६ जण, चार गट. काहींना केटामाइन आणि थेरपी, काहींना केटामाइन आणि दारूबद्दलची नुसती माहिती, बाकीच्यांना केटामाइनऐवजी साधं सलाइन, त्यातही एका गटाला थेरपी आणि एकाला माहिती. सहा महिन्यांनी पाहिलं तर केटामाइन मिळालेले लोक जास्त दिवस दारूविना राहिले होते. सगळ्यात मोठा फरक होता दोन टोकांच्या गटांत: केटामाइन आणि थेरपी दोन्ही मिळालेले विरुद्ध दोन्हीपैकी काहीच न मिळालेले. मात्र पुन्हा पिण्याकडे वळणाऱ्यांच्या संख्येत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. म्हणून आता ब्रिटनमध्ये याच्यावर आणखी मोठी चाचणी सुरू केली आहे. डिप्रेशनबद्दल येलमध्ये असाच छोटा प्रयोग झाला. केटामाइनने बरं वाटलेल्या २८ जणांपैकी काहींना पुढे १४ आठवडे विचारांवर काम करणारी थेरपी, म्हणजे सीबीटी दिली. त्यांची सुधारणा जास्त टिकल्याची चिन्हं दिसली. चिन्हं, पुरावा नव्हे. २८ माणसं म्हणजे आपल्या कॉलेजातली एक प्रॅक्टिकल बॅच.

आता मला सगळ्यात आवडलेला अभ्यास. हा पिट्सबर्गचा, २०२२ मधलाच, रेबेका प्राइस यांच्या टीमचा. डिप्रेशनचे १५४ पेशंट. केटामाइनचा एकच डोस, आणि त्यानंतर थेरपिस्ट नाहीच! त्याऐवजी कॉम्प्युटरवरचं एक ट्रेनिंग, सलग चार दिवस, रोज अर्धा-पाऊण तास. स्क्रीनवर 'मी' दाखवणाऱ्या गोष्टी आणि चांगले शब्द, हसरे चेहरे एकमेकांशी जोडायचे. दिसायला एखादा कंटाळवाणा गेम. डिप्रेशनमध्ये माणूस स्वतःला सतत नालायक, बिनकामाचा समजत असतो. त्या सवयीलाच हात घालायचा, तोही खिडकी उघडी असताना. ज्यांना केटामाइन आणि हे खरं ट्रेनिंग दोन्ही मिळालं, त्यांचा डिप्रेशनचा स्कोअर महिनाभर खालीच राहिला. औषधाऐवजी सलाइन घेऊन ट्रेनिंग करणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही, आणि केटामाइननंतर नकली ट्रेनिंग केलेले मधेच कुठेतरी राहिले.

हे वाचून मी दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. म्हणजे स्क्रीन इथे कामाला येऊ शकते. फक्त औषध द्यायला नाही, औषधानंतर.

थोडं पाणीही ओतायला हवं. स्टॅनफर्डमध्ये २०२३ मध्ये एक फार हुशार प्रयोग झाला. केटामाइनच्या चाचण्यांची अडचण अशी की पेशंटला आपल्याला खरं औषध मिळालंय की सलाइन, हे लगेच कळतं. तरंगायला लागलं की कळणारच ना. म्हणून त्यांनी डिप्रेशन असलेल्या अशा ४० जणांना निवडलं ज्यांचं कसलंतरी ऑपरेशन होणारच होतं, आणि ते पूर्ण भुलीत असताना निम्म्यांना केटामाइन दिलं, निम्म्यांना नाही. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. आपल्याला काहीतरी मोठं मिळणार आहे, इतकी माणसं आपल्यासाठी धडपडतायत, या आशेचाच वाटा किती असतो हे त्यातून दिसलं. दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षी ४०३ पेशंटच्या एका मोठ्या अभ्यासात केटामाइनने विजेच्या उपचाराशी, म्हणजे ईसीटीशी, चांगली टक्कर दिली: सुधारणा ५५ टक्के विरुद्ध ४१ टक्के. तिथे अर्थात कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तर आजचं चित्र असं. औषध फसवं नाही. थेरपी जोडली की जास्त टिकतं, असं म्हणायला आधार आहे, पण तो अजून बारीक आहे. आणि ॲपवाले मात्र हे सिद्ध झाल्यासारखं विकतायत.

खोक्यातली गोळी आणि चॅटवरचा गाइड

अमेरिकेत या औषधाचे दोन रस्ते आहेत. पहिला, स्प्राव्हाटो नावाचा नाकात मारायचा स्प्रे. केटामाइनचाच सख्खा भाऊ, एस्केटामाइन. त्याला मार्च २०१९ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. पण तो घरी नेता येत नाही. क्लिनिकमध्येच घ्यायचा, किमान दोन तास तिथेच बसायचं, रक्तदाब तपासायचा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मजेची गोष्ट म्हणजे एवढ्या नियमांत थेरपी घेतलीच पाहिजे असा नियम नाही. औषध तपासणारी संस्था औषध तपासते, बोलणं नाही. २०२४ मध्ये एमडीएमए आणि थेरपी यांचा जोड-उपचार तिच्यासमोर आला, तेव्हाही ही अडचण उघडी पडली. तो अर्ज तिने फेटाळला.

दुसरा रस्ता साध्या केटामाइनचा. हे जुनं, पेटंट संपलेलं, स्वस्त औषध. भुलीसाठी त्याला मान्यता आहेच, मग डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते डिप्रेशनसाठीही लिहून देऊ शकतात. याला ऑफ-लेबल म्हणतात. ताईच्या खोक्यातल्या गोळ्या याच रस्त्याने आल्या.

या रस्त्यावर आधी एक गेट होतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातला रायन हेट नावाचा १८ वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी गेला. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला: डॉक्टरने पेशंटला एकदा तरी समोर बसवून तपासल्याशिवाय अशी नियंत्रित औषधं ऑनलाइन लिहून द्यायची नाहीत. २०२० मध्ये कोविड आला, ही अट तात्पुरती बाजूला ठेवली गेली आणि नंतर त्या सवलतीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. या फटीतून केटामाइनच्या ॲप्सचा धंदा वाढला.

ताईचा अनुभव क्रमाने सांगतो. ॲपमध्ये प्रश्नावली भरली. व्हिडिओवर वीसेक मिनिटांची अपॉइंटमेंट झाली. कार्ड स्वाइप. आठवड्याभरात खोकं दारात. सेशनच्या वेळी घरातलं कोणीतरी मोठं माणूस हजर हवं अशी अट होती, म्हणून भाऊजी शेजारच्या खुर्चीत बसायचे, बहुतेक वेळा लॅपटॉप घेऊन. आणि एक 'गाइड'. हा गाइड परवानाधारक थेरपिस्ट नाही, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ताईने ते वाचलं नव्हतं. आपण तरी कधी वाचतो?

तिसऱ्या गोळीच्या वेळी तिला काका दिसले, म्हणजे तिचे वडील. ते २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. विमानं, व्हिसा, सगळंच अडकलेलं, तिला येता आलं नाही. वैकुंठावरचं सगळं तिने फोनच्या स्क्रीनवर पाहिलं होतं. त्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून ती सोफ्यावर पडली होती आणि काका तिला लहानपणच्या नावाने हाक मारत होते. ती हमसून हमसून रडली. भाऊजी घाबरले, तिचा हात धरून बसले, बिचाऱ्यांना दुसरं काय करावं कळेना. शुद्धीवर आल्यावर तिने ॲपमध्ये गाइडला मेसेज टाकला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: मनमोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार, वहीत लिहून काढा.

चार वर्षं कुलपात ठेवलेली गोष्ट बाहेर आली, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

एक सांगायला हवं. घरी घेतलेल्या केटामाइनचा काहीच उपयोग होत नाही, असं मी म्हणत नाहीये. माइंडब्लूम या दुसऱ्याच एका कंपनीच्या १,२४७ पेशंटची माहिती २०२२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात डिप्रेशनमध्ये ६२ टक्क्यांहून जास्त लोकांना ठळक फायदा झाल्याचं दिसतं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि स्टॅनफर्डचा प्रयोग आठवला तर तुलनेचा गट नसणं किती महाग पडतं ते कळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये एफडीएने स्वतःहून इशारा दिला: या गोळ्या फार्मसी स्वतः बनवतात, मानसिक आजारासाठी त्यांना मान्यता नाही, आणि घरी कुणी वैद्यकीय माणूस नसताना घेतल्या तर रक्तदाब वाढणं, श्वास मंदावणं असे धोके आहेत. सारखं आणि जास्त घेतलं तर सवय लागते आणि मूत्राशयाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

त्या इशाऱ्यानंतर अठरा दिवसांनी मॅथ्यू पेरी गेला. त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं सांगितलं जातं. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली केटामाइन घेत होता, हे खरं. पण शवविच्छेदनात स्पष्ट लिहिलं होतं की शरीरात सापडलेलं केटामाइन त्या क्लिनिकचं असू शकत नाही, कारण शेवटचा डोस दीडेक आठवड्यापूर्वीचा होता आणि हे औषध काही तासांत शरीरातून कमी होतं. ते बाहेरून आलेलं होतं. २०२४ मध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात दोन डॉक्टर होते, आणि पुढे पाचही जणांनी गुन्हा कबूल केला.

आता पैशांचं. केटामाइन स्वस्त. महाग आहे तो थेरपिस्टचा वेळ. आधी बैठका, डोसच्या वेळी दोन तास शेजारी, नंतर पुन्हा बैठका. हे सगळं नीट करणारी कॅनडाची फील्ड ट्रिप नावाची कंपनी मोठा गाजावाजा करत उघडली होती. मार्च २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं. ॲपचा हिशोब सोपा असतो. सगळ्यात महाग गोष्ट काढून टाकायची आणि तिच्या जागी चॅट, वही आणि प्लेलिस्ट ठेवायची. नाव मात्र थेरपीचंच. खर्च वाचवायला कोणताही स्टार्टअप हेच करतो, फूड डिलिव्हरीतही केलं. इथे मात्र काढून टाकलेली गोष्ट हाच कदाचित अर्धा उपचार आहे.

आपल्याकडे काय?

सगळ्यात आधी कायदा, कारण इथे गोंधळ नको. भारतात २०११ पासून केटामाइन एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे आणि नंतर ते शेड्युल एक्समध्येही टाकलं गेलं. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. टेलिमेडिसिनचे नियम आले २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. त्यात साफ लिहिलंय की शेड्युल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून द्यायची नाहीत. त्याच महिन्यात अमेरिकेने दार उघडलं आणि आपण कडी लावली. म्हणून 'केटामाइन थेरपी ॲट होम' अशी जाहिरात तुम्हाला भारतात दिसली, किंवा टेलिग्रामवर कोणी कुरिअरने पाठवतो म्हणाला, तर तो उपचार नाही, सरळ गुन्हा आहे. शिवाय त्या पुडीत काय असेल याची खात्री देणारा कोणी नाही.

आपल्याकडे हे होतं ते हॉस्पिटलात. काही मनोविकारतज्ज्ञ, इतर औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटना, ऑफ-लेबल, सलाइनमधून, सुमारे ४० मिनिटांत हा डोस देतात. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या बाबतीत डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला, तर लाजू नका, विचारा: डोसच्या वेळी भुलीचे डॉक्टर किंवा तशी यंत्रणा असेल का? किती डोस, आणि फायदा नाही झाला तर पुढे काय? आणि मुख्य म्हणजे, डोसनंतरच्या आठवड्यात मी कुणाशी बोलणार? बऱ्याचदा औषध देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे आणि थेरपी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे असतात. दोघांच्या तारखा एकमेकांशी जुळवून घेणं हे काम नातेवाइकांवर पडतं. सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे नोंदणी आहे ना, तेही बघून घ्या. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये 'हीलर' लिहिलेलं असणं म्हणजे नोंदणी नव्हे.

हे लिहायला सोपं आहे, मला माहितीये. देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही, सरासरी ०.७५ येते. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या मुलाला मी 'सायकॉलॉजिस्टची तारीख जुळवा' म्हणणं हे जरा पुण्यात बसून बोलण्यासारखंच आहे. म्हणूनच मला पिट्सबर्गचा तो कंटाळवाणा गेम महत्त्वाचा वाटतो. औषध हॉस्पिटलात, माणसांच्या देखरेखीखाली. आणि नंतरचे चार दिवस साध्या अँड्रॉइडवर, मराठीत, जवळपास फुकट. असं काही आपल्याकडे कुणी करून तपासलं तर मी पहिला ते वाचेन. आज तरी प्ले स्टोअरवर 'मेंटल हेल्थ' टाइप केल्यावर जे शेकड्याने येतं, त्यातल्या बहुतेकांनी हिरवा रंग आणि पावसाचा आवाज यापलीकडे मेहनत घेतलेली दिसत नाही.

आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत्ताच, आज रात्रीच, जगणं नकोसं वाटत असेल तर केटामाइनचा विचार बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ताईने चौथी गोळी घेतली नाही. सबस्क्रिप्शन बंद करायला तिला तीन ईमेल करावे लागले. थेरपिस्ट शोधताना एक वेगळीच अडचण आली. तिला मराठी बोलणारं माणूस हवं होतं. "इंग्लिशमध्ये मी सगळं समजावून सांगते गं... रे, पण रडायला मराठीच येतं," ती म्हणाली. (आमच्याकडे घाईत तिचं नेहमी असं होतं, बहिणी जास्त म्हणून.) पुण्यातल्या एका ओळखीच्या सायकॉलॉजिस्टना मी विचारून पाहिलं. तिकडच्या नियमाप्रमाणे थेरपिस्टकडे पेशंट राहतो त्याच राज्याचा परवाना लागतो, त्यामुळे इथून व्हिडिओवर थेरपी करायला त्यांनी नाही म्हटलं. ते बरोबरच होतं. शेवटी न्यू जर्सीचाच परवाना असलेल्या एक गुजराती बाई मिळाल्या. हिंदीत चालतं. काकांची हाक मराठीतच सांगायची आणि मग तिचा अर्थ हिंदीत, असं दोघींनी ठरवलंय. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी जाते. पडदे कधी उघडे असतात, कधी नसतात.

उरलेल्या गोळ्या त्या पांढऱ्या खोक्यात, कपाटात वरच्या कप्प्यात होत्या. घरात अकरा वर्षांचा मुलगा. "कचऱ्यात टाकू की फ्लश करू?" तिने विचारलं. मी शोधून सांगितलं की अमेरिकेत नको असलेली औषधं परत घेण्याचा दिवस असतो, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आणि काही फार्मसींमध्ये त्यासाठी कायमची पेटीही असते. तिच्या घराजवळच्या फार्मसीत अशी पेटी निघाली. भाऊजी जाऊन टाकून आले. रक्तदाबाचं यंत्र ठेवून घेतलंय, ते मावशीसाठी डिसेंबरमध्ये पुण्याला येतंय.